सांडवा ठेवलेलं मागणं

काका, थांबा. डोळे मिटून मनातल्या मनात काही मागू नका, इथे ते चालत नाही. रागावू नका, आज सकाळपासून येईल त्याला मी हेच सांगते आहे. मागायचं ते मोठ्याने मागायचं, आणि कसं मागायचं ते आधी ऐकून घ्यायचं. तुम्ही सगळे सारस पाहायला आलात हे मला माहीत आहे. सारस संध्याकाळी उतरतील, कुठे जात नाहीत. पण आज आमच्याकडे सांडवा मोकळा करायचा दिवस आहे आणि तुम्ही नेमके आज आलात. त्यामुळे गोष्ट आताच ऐकायची, इथेच, उभ्याउभ्या.

समोर पाहा. हा भानसऱ्याचा तलाव. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत जी मातीची लांब पाळ दिसते, तिच्यावर आपण उभे आहोत. आणि आपल्या पायांपुढे ती पाळ तुटलेली आहे. बैलगाडी जाईल एवढी फट, तळाला काळा खडक. हा सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी इथून उतरून जातं. सांडवा प्रत्येक तलावाला असतो, त्यात नवल नाही. नवल हे की भादव्यात पावसाचा जोर ओसरला की आमचं गाव या फटीत चिखलमातीचा बुटका बांध घालतं आणि आश्विनात तोच बांध सगळ्यांनी मिळून हातांनी फोडतं. दर वर्षी. एकदा एक साहेब आले होते, म्हणाले, लोखंडी दार बसवू, चाक फिरवलं की उघडेल. गावाने त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि नको म्हणून सांगितलं.

डावीकडे तो मातीचा उंचवटा आणि त्यावर शेंदूर लावलेला दगड दिसतो ना, ती पाळमाय. आणि खाली, नाल्याच्या पलीकडे, मोहटोल्याच्या शिवेवर एक मोहाचं झाड आहे, एका अंगाला कललेलं. ते नीट पाहून ठेवा. ते झाड मूळचं तिथलं नाही. ते इथे होतं, या फटीच्या तोंडाशी.

पाण्यात डोंग्यात, त्या लाकडी होडीत, बसलेत ते चैतराम आजा. मासेमारी करतात, आणि ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. त्यांना ती सांगायला अख्खी दुपार लागते. मला तेवढा धीर नाही.

तर असं सांगतात की फार जुन्या काळी इथे तलाव नव्हता, नुसता नाला होता. तलाव बांधणाऱ्या घराण्यातला उदेभान नावाचा एक माणूस इथे आला. तो ओंजळीत माती घेऊन तिचा वास घ्यायचा आणि सांगायचा, ही पाणी धरेल, ही धरणार नाही. त्याने गाव जमवलं, टोपल्या भरल्या, पाळ उभी केली. आधी सांडव्याची जागा नक्की करायची आणि मगच पाळीची पहिली टोपली टाकायची, हा त्याचा नेम होता. सांडवा नसलेली पाळ म्हणजे कधीतरी फुटणारी पाळ, हे तो हाताखालच्या माणसांना इतक्यांदा सांगायचा की ती माणसं त्याची नक्कल करून हसायची.

त्याच्या बायकोचं नाव भागरथा. पाळ पुरी झाली त्या वर्षी त्यांना मुलगी झाली, रेवता. उदेभानाने सांडव्याच्या कडेला मोहाचं रोप लावलं. मुलगी आणि मोह एका उंचीने वाढले म्हणे. रेवता मोठी झाली तेव्हा तिला खालच्या मोहटोल्यात दिली. तेव्हा त्या गावाचं नाव मोहटोला नव्हतं. नुसता खालचा टोला म्हणायचे. सांडव्याचं पाणी त्याच गावाकडे जायचं, त्यांची शेतं, त्यांच्या विहिरी त्यावरच. भागरथा म्हणायची, लेक कुठे लांब गेली आहे, आपलंच पाणी पिते.

मग दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले. तलावाच्या तळाला एवढ्या भेगा पडल्या की वासराचा पाय अडकायचा. भानसऱ्यात माणसं मेली. त्यात उदेभानाचा धाकटा भाऊ होता, पाळीची कितीतरी माती ज्याने डोक्यावरून वाहिली तो. उदेभानाने त्याला पाळीच्या पायथ्याशीच अग्नी दिला, आणि त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. पाणी होतं तेव्हा आपण ते जाऊ दिलं. वर्षानुवर्षं सांडव्यावरून जाऊ दिलं. ते सगळं धरून ठेवलं असतं तर भाऊ जगला असता.

मला इथे नेहमी वाटतं की त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणतात तसं. पण ज्याच्या घरचा माणूस तहानेने गेला, त्याने दुसरं काय मागायचं?

तो कोरड्या तलावाच्या मधोमध जाऊन बसला. खाणं सोडलं, बोलणं सोडलं. भागरथा रोज येऊन शेजारी बसायची आणि परत जायची. शेवटी एका भर दुपारी, ऊन डोळ्यांत भरलेलं असताना, समोरून एक म्हातारी आली…

"यामिने, काहून घाई करून राह्यली? तिच्या डोक्शावरची टोपली सांग ना आधी."

ऐकलंत? तिथून ऐकू येतं त्यांना. सांगते, आजा.

म्हातारीच्या डोक्यावर गाळाची टोपली होती. लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. अख्ख्या मुलखात ओला चिखल नव्हता आणि तिच्या काठातून पाणी ठिबकत होतं. उदेभानाने ओळखलं, ही पाळमाय. पाळीतल्या मातीत राहते ती.

ती म्हणाली, "माग बापू. पन बांधनाऱ्यावानी माग."

उदेभान म्हणाला, "माय, माही पाळ उभी हाये तोपर्यंत या तलावातला थेंबही कमी होऊ नाई. आन पाळ कधी फुटू नाई."

"अजून एक डाव इचार कर."

"दुसरं काई केलंच नाई इतके दिवस."

"बरं," असं म्हणून तिने डोक्यावरची टोपली तिथेच उतरवली आणि निघून गेली. ती टोपली म्हणजेच हा उंचवटा. बांधणाऱ्यासारखं माग, या शब्दांचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला नाही. जो माणूस सांडव्याशिवाय पाळ बांधत नव्हता त्याने सांडव्याशिवाय मागणं मागितलं होतं.

पावसाळा आला तो सगळं वसूल करत आला. तलाव भरू लागला. आणि उदेभानाने काय केलं असेल? त्याने सांडवा बुजवला. आयुष्यात पहिल्यांदा. मोहाच्या मुळांजवळ मोठमोठे दगड रचले, त्यावर माती चोपली, आणि ज्या माणसांना तो उलटं शिकवत आला होता ती माणसं नुसती पाहत राहिली. एकाने भीतभीत विचारलं, "पाळ फुटन ना?" उदेभान म्हणाला, "नाई फुटत. मागून घेतलं हाये म्या."

पाळ खरंच फुटली नाही. पाणी चढलं, आणखी चढलं, पाळीच्या माथ्याशी येऊन थरथरत उभं राहिलं, पण सांडलं नाही. सगळं भानसरा पाळीवर येऊन नाचलं. उदेभानाला खांद्यावर घेतलं. तो रडत होता म्हणे, भावाचं नाव घेऊन. त्या गर्दीत एकटी भागरथा नव्हती. ती सांडव्याच्या बाजूला उभी राहून खालच्या कोरड्या नाल्याकडे पाहत होती.

पुढे आश्विन लागला. हस्ताचा पाऊस आला नाही. धान लोंबीवर आलं होतं आणि याच वेळी त्याला शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसतं तणस, म्हणजे पेंढा, हाती येतं. गावाला काळजी नव्हती. तलाव भरलेला होता. पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते उघडायला लोक गेले. लाकडी बूच उपसलं.

पाणी आलं नाही.

बूच काढलेल्या भोकात पाणी दिसत होतं. भिंतीसारखं उभं. एकाने त्यात हात घातला, हात आत गेला, गार लागला आणि बाहेर आला तेव्हा कोरडा होता. बायकांनी घागरी बुडवल्या. बुडबुड आवाज आला, घागर जड झाली, आणि काठावर उचलली तर रिकामी. म्हशींनी पाण्यात तोंडं घातली आणि कोरडी वर काढली, आणि माणसांकडे पाहून हंबरू लागल्या. मासे धरणाऱ्यांनी जाळं ओढलं तर जाळं कोरडं, आणि त्यातले मासेही असे कोरडे की अंगावरची धूळ झटकावी.

"तो जाळं ओढनारा माहा आजा होता," असं चैतराम आजा नेहमी म्हणतात. ते खरं नाही, पण त्यांना म्हणू द्यावं.

थेंबही कमी होऊ नये. होत नव्हता. उन्हाने पाणी आटत नव्हतं, मातीत मुरत नव्हतं. पाळीखालच्या ज्या विहिरी आजवर तलावाच्या झिरप्यावर भरायच्या, त्या एकेक करून खाली गेल्या. एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि गावात तोंड धुवायला पाणी नाही. दुष्काळात निदान तलाव रिकामा तरी होता.

उदेभान पाळमायपुढे जाऊन बसला. म्हणाला, चुकलं, परत घे. मातीतून आवाज आला म्हणे, "देल्लं म्या परत घेत नाई. पन मागताना तूच एक दार ठेवलं हायस. पाहाय."

तो उठून घरी आला. त्याला दार कळलं होतं. आपलेच शब्द त्याला आठवत होते, माझी पाळ उभी आहे तोपर्यंत. पाळ मोडली की मागणं मोडलं. पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस तो दाराशी बसून राहिला. त्याचा सगळा जन्म त्या पाळीत होता, भावाची राख तिच्या पायथ्याशी होती. आणि मोडायची तरी कुठे? भरलेली पाळ वाटेल तिथे कापली तर पाण्याचा लोंढा खालचं गाव धुऊन नेईल. खाली खडक आहे अशी जागा एकच, सांडव्याची, आणि बुजवल्यापासून तीही पाळच झाली होती. तिथले दगड त्यानेच रचले होते, आणि वर्षानुवर्षं वाढलेल्या मोहाने एका पावसाळ्यात त्या दगडांत मुळं रोवली होती. मोह पाडल्याशिवाय दगड निघत नव्हते. लेकीच्या नावाचं झाड. आमच्याकडे असं झाड पाडणारा बाप शोधून सापडत नाही. ते पडलं तर लेकीचं काय होईल, या भीतीनेच हात उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी खालून माणसं आली. पुढे उदेभानाचे व्याही, त्यांच्या मागे खालचा सगळा टोला. हातात काठ्या नव्हत्या, घागरी होत्या. व्याही पाळीवर चढले, तलावाला हात जोडले आणि म्हणाले, "घाबरू नका याही, पानी मांगाले नाई आलो. तुमच्या तलावाचं दर्शन घ्याले आलो. देवाचं दर्शनच घेते मानूस, देवाले कोनी पेत नाई."

कुणी हसलं नाही. गर्दीतून रेवता पुढे आली. छातीशी दोन महिन्यांचं मूल होतं, ओठ फुटलेले होते, अंगावरचं दूध आटत आलं होतं. बापाशी ती एक शब्द बोलली नाही. तिने आपली रिकामी घागर त्याच्या पायांपुढे ठेवली आणि जाऊन मोहाखाली सावलीला बसली.

भागरथा नवऱ्याला म्हणाली, "तुमी मातीचा वास घेऊन सांगता ना, पानी धरन का नाई धरन? मंग आता या घागरीचा वास घ्या."

उदेभानाने घागर उचलली. असं सांगतात की त्याने खरंच तिचा वास घेतला. तिच्या तळाला गाळ वाळून बसला होता, त्याच्याच तलावाचा, मागच्या बऱ्या वर्षातला. त्याच्या तोंडून एकदम हुंदका निघाला. मग त्याने सगळ्यांना ते दार सांगितलं. रेवताला म्हणाला, "बाई, झाडाखालून उठ."

ती उठली, मूल आईकडे दिलं, आणि बापाआधी तिनेच पहारीला हात घातला. आपल्या झाडाच्या मुळाशी पहिला घाव तिने स्वतः मारला. दुसरा उदेभानाने. मग कुणी थांबलं नाही. वरचे, खालचे, बाया, गडी, ज्याच्या हाती जे आलं ते घेऊन माती ओढू लागले. मोह कलला, मुळांसकट दगड घेऊन पडला, आणि फटीत पाणी दिसलं. उभं, भिंतीसारखं, जिथल्या तिथे.

उदेभानाने खाली वाकून शेवटचा दगड उचलला. आता पाळ पाळ राहिली नव्हती. त्या उभ्या पाण्याच्या काठावरून एक थेंब सुटला आणि खडकावर पडला. त्याचा आवाज म्हणे त्या सगळ्या माणसांना ऐकू गेला. दुसरा पडला. रेवताने धावत जाऊन घागर लावली, आणि घागर बुडबुड करत भरली आणि भरलेलीच राहिली. मग तलाव सुटला.

पाणी खडकावरून नाल्यात गेलं, नाल्यातून खालच्या टोल्याच्या शेतांत. तिकडे तुडुमातूनही धार लागली आणि भानसऱ्याचं धान भिजलं. दोन्हीकडे दाणा भरला. मोहाचं झाड लोंढ्याबरोबर वाहत गेलं आणि खालच्या शिवेवर अडलं. रेवताने त्याची मुळं मातीने झाकली, रोज ओंजळभर पाणी घातलं. चैत्रात त्याला फुलं आली. त्या गावाला मोहटोला म्हणतात ते तेव्हापासून. लेकीचं झाड लेकीच्या गावी गेलं.

आणि तलाव? तो त्या उन्हाळ्यात आटला, तळापर्यंत. पाळमायचं वचन मोडलं होतं, आता तो इतर तलावांसारखा आटणार होता, भरणार होता, एखाद्या वर्षी दगाही देणार होता. उदेभानाला ते माहीत होतं. तो कोरड्या तळात उतरला, दोन्ही गावांना घेऊन गाळ काढला, आणि त्याच गाळाने शेतं पिकली. मागणं खरं राहिलं असतं तर तो गाळ कधी कुणाला दिसलाच नसता.

तेव्हापासून इथे मागायची रीत ठरली. मागणं मनात ठेवायचं नाही, चारचौघांत बोलायचं, म्हणजे ते कुणाच्या शेतावरून जातं ते कळतं. आणि शेवटी मागण्याला सांडवा ठेवायचा. एवढंच म्हणायचं, उरलं ते खालच्याइचं, म्हणजे खालच्या लोकांचं. मोहटोल्याचं कुणी तिथे असेल तर ते म्हणतात, पोचलं.

मला देव मानायला थोडं जड जातं, खरं सांगते. पण ही रीत मी मानते. सगळं आपल्याकडेच राहावं असं मागणारी माणसं मी खूप पाहिली, आणि त्यांच्या घागरीही पाहिल्या.

चला, बाजूला सरका, मोहटोल्याची मंडळी आली. त्या पुढे आहेत त्या शिल्पाताई, भानसऱ्याची लेक, मोहटोल्याची सून. यंदा घागर त्यांच्याकडे. घागर ठेवून त्या कुणाशी न बोलता बाजूला बसतील, आणि मग आमचे सगळ्यांत म्हातारे चैतराम आजा पहिली माती ओढतील. आजा, डोंगा लावा ना लवकर.

"तुहं झालं का बोलनं? मले वाटलं, मोहालेच घेऊन तू पुन्हा वर येतं आता."

झालं. काका, आता मागा. पाणी सुटायच्या आत मागायचं असतं. कसं ते कळलं ना? लाजू नका, इथे सगळेच ऐकतात.

"माझी मुलगी परत घरी यावी. पुण्याला असते. चार वर्षं झाली, घर अगदी रिकामं झालंय. इकडेच नोकरी मिळावी तिला, आमच्याजवळ."

आणि?

"आणि… उरलं ते खालच्यांचं. म्हणजे, तिला तिकडेच बरं वाटत असेल तर राहू दे. फोन करत जाऊ दे फक्त."

शिल्पाताईंनी बसल्या जागेवरून त्यांच्याकडे पाहिलं. आज त्यांनी बोलायचं नसतं, पण त्या बोलल्या. "पोचलं, काका."

आता पाहा, माती हलली. आजही आश्विनात हा बांध फुटतो तेव्हा पाणी लगेच निघत नाही. क्षणभर उभं राहतं, जणू कुणाची वाट पाहतं. मग घागरीत पहिली धार पडते, आणि खाली मोहटोल्याच्या पोरी ओरडत कललेल्या मोहाकडे पळत सुटतात, पाण्याआधी पोचायला.